नोकरीच्या शोधातले मनःस्वास्थ्य

नोकरीचा शोध मनाची कसोटी पाहतो, कारण त्यात कष्ट उमेदवाराच्या हाती असतात आणि निकाल दुसऱ्याच्या. अर्जाला उत्तर येईलच असे नाही. मुलाखत चांगली होऊनही नकार येतो आणि त्याचे कारण कळत नाही. घरखर्च, कर्जाचे हप्ते आणि नातेवाइकांचे ‘सध्या काय चाललंय?’ हे मात्र थांबत नाही. अशा वेळी शांत राहणे आणि आशा टिकवणे हा केवळ स्वभावाचा भाग नसतो. दिवसाची आखणी, माणसांचा संपर्क आणि पुढच्या वाटांचा विचार यांतून दोन्ही गोष्टी घडवता येतात.

या विषयाचा पाया ऑस्ट्रियातील मारिएनताल गावाच्या अभ्यासाने घातला. व्हिएन्नाजवळच्या या गावाचे पोट एका कापडगिरणीवर चालत होते. जागतिक मंदीच्या सुरुवातीला ती बंद पडली. मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझल यांनी तेथील कुटुंबांची पाहणी करून १९३३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. गावकऱ्यांकडे वेळ भरपूर होता. ग्रंथालयाची फीही रद्द झाली होती. तरी पुस्तके नेणाऱ्यांचे प्रमाण घटले. पुरुषांची चाल मंदावली, अनेकांनी घड्याळ वापरणे सोडले, आणि दिवसभर काय केले हे त्यांना नीट सांगता येईना. नोकरी पगाराखेरीज पाच गोष्टी पुरवते, असे याहोडा यांनी पुढे मांडले : वेळेला शिस्त, घराबाहेरच्या माणसांशी संबंध, सामूहिक उद्दिष्टात वाटा, समाजातले स्थान आणि नियमित काम. मुंबईत जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपानंतर ज्या गिरण्या पुन्हा उघडल्याच नाहीत, तेथील कामगारांचाही पगारासोबत भोंग्यावर चालणारा सगळा दिनक्रम गेला.

म्हणून पहिला उपाय दिवसाला पुन्हा आकार देण्याचा. उठण्याची वेळ ठरलेली असावी. अर्ज, तयारी, व्यायाम आणि विश्रांती यांचे तास वेगळे असावेत. ‘या महिन्यात नोकरी मिळवायची’ हे उद्दिष्ट दुसऱ्याच्या निर्णयावर अवलंबून असते. ‘आज दोन अर्ज नीट लिहायचे’ हे स्वतःच्या हातचे असते. असे काम संध्याकाळी पूर्ण झालेले दिसते आणि मनाला उसंत मिळते. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले पुण्यातील पेठांमधल्या अभ्यासिकांत जागा घेतात, त्यामागे शांततेबरोबर ही शिस्त आणि सोबतही असते.

दुसरा उपाय माणसांचा. नकार येऊ लागले की माणूस लग्नकार्य टाळतो, फोन उचलत नाही. हा संकोच समजण्याजोगा असला तरी महाग पडतो. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ च्या लेखात दाखवले, की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी बहुतेकांना ती जवळच्या मित्रांऐवजी अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्या परिचितांमार्फत कळली होती. जवळच्यांना जे माहीत असते ते बहुधा आपल्यालाही माहीत असते; जुना सहकारी, कॉलेजातला सोबती किंवा माजी वरिष्ठ वेगळ्या वर्तुळात वावरतात. त्यांना ‘तुमच्याकडे या क्षेत्रात काय चालू आहे?’ असे विचारण्यात कमीपणा नाही.

तिसरी गोष्ट मनातल्या रागाची. नोकरी गेलेल्या व्यावसायिकांवर जेम्स पेनेबेकर आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी काही दिवस सलग आपल्या भावना मोकळेपणाने लिहून काढल्या, त्यांना इतरांपेक्षा लवकर काम मिळाले. त्यांनी जास्त अर्ज केले होते असे नव्हे. जुन्या मालकाविषयीची कटुता आधीच कागदावर उतरली, तर ती मुलाखतीत डोकावत नाही, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते.

आशेविषयी मानसशास्त्रज्ञ सी. आर. स्नायडर यांची मांडणी उपयुक्त आहे. त्यांच्या मते आशेत दोन घटक असतात : ध्येयाकडे जाणाऱ्या वाटा सुचणे आणि त्या वाटांनी चालण्याची उमेद. एकाच कंपनीवर किंवा एकाच परीक्षेवर सगळी भिस्त असेल, तर एका नकारात दोन्ही कोसळतात. म्हणून पर्यायी क्षेत्र, तात्पुरते काम, नवे कौशल्य अशा दोन-तीन वाटा आधीच विचारात घ्याव्यात. मिशिगन विद्यापीठात बेरोजगारांसाठी तयार झालेल्या ‘जॉब्स’ या प्रशिक्षणक्रमातही, अडथळे कोणते येतील आणि आले तर काय करायचे, याचा गटात आधीच सराव करून घेतला जातो. अपयश अपेक्षित धरणे हा निराशेचा सूर नव्हे. त्यामुळे धक्का पचवता येतो.

कुटुंबाचा वाटाही मोठा असतो. रोज ‘काही कळलं का?’ विचारण्यापेक्षा आठवड्यातून एकदा खर्च आणि पुढचे बेत यांविषयी सगळ्यांनी मोकळेपणाने बोलावे. मंदी, नोकरकपात किंवा भरतीतील दिरंगाई यांचा दोष एकट्या उमेदवाराच्या माथी मारू नये.

झोप आणि भूक दीर्घकाळ बिघडली, कशातच रस वाटेना किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर हे उपाय पुरेसे नसतात. तेव्हा डॉक्टरांकडे जावे किंवा केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर फोन करावा. ही मदत नोकरी मिळेपर्यंत पुढे ढकलू नये. मन सावरले तरच शोध सुरू ठेवता येतो.