तक्रारीची वही

एका गावात पिठाची गिरणी होती. ती चालवणाऱ्याला सगळे अप्पा म्हणत. गिरणीच्या घरघराटात उभं आयुष्य काढून अप्पांचे कान गेले होते. म्हातारपणी मुलाने कानाचं मशीन घेऊन दिलं, तेव्हा कुठे त्यांना नातवाचं बोलणं कळू लागलं.

ऐंशीव्या वर्षी अप्पा न्हाणीघरात पाय घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. मुलाने त्यांना तालुक्याच्या गावी एका खासगी रुग्णालयात दाखल केलं. ऑपरेशनला नेण्याआधी सिस्टरने त्यांच्या अंगावरच्या वस्तू काढून मुलाच्या हातात दिल्या. अंगठी, चष्मा, कवळी, कानाचं मशीन. "नीट सांभाळा," ती म्हणाली. मुलगा शब्दाचा पक्का होता. त्याने सगळं घरी नेलं, कपाटात ठेवलं आणि कपाटाला कुलूप लावलं.

ऑपरेशन चांगलं झालं. पण तिसऱ्या रात्री अप्पा ओरडू लागले, "पट्टा बंद करा! पोराचा हात जाईल!" त्यांनी सलाईनची सुई उपटली, लघवीची नळी ओढली आणि ते खाटेवरून उतरू लागले. वॉर्डात वीस खाटा होत्या आणि रात्रीला एकच सिस्टर. नातेवाइकांनी रात्री खाली थांबायचं, असा नियम होता. सिस्टरने डॉक्टरांना फोन केला, झोपेचं इंजेक्शन दिलं आणि बँडेजने अप्पांचे हात खाटेच्या कठड्याला बांधले.

सकाळी मुलाने ते हात पाहिले आणि त्याच्या पोटात कालवलं. राउंडला आलेले डॉक्टर म्हणाले, "वय झालंय, होतं असं," आणि पुढच्या खाटेकडे गेले.

त्या दिवशी मुलाने कोपऱ्यावरच्या दुकानातून एक वही आणली. गोळी किती वाजता द्यायची होती आणि किती वाजता दिली, हाक मारल्यावर कोण आलं, कोण आलं नाही, सगळं तो लिहू लागला. अप्पांच्या कमरेखाली त्याला लालसर डाग दिसला, तोही लिहिला. रुग्णालयाच्या दाराशी रुग्णांच्या हक्कांची सनद लावलेली होती. महाराष्ट्रात २०२१च्या नियमांपासून खासगी रुग्णालयांना ती लावावीच लागते. ती वाचून त्याने केसपेपर मागितला. त्यात रात्रीची एकच ओळ होती : रुग्ण सहकार्य करत नाही.

अप्पा दिवसा गुंगीत पडून राहत आणि अंधार पडला की बडबडू लागत. जेवण तसंच परत जाई. मुलाची वही भरत चालली.

चार दिवसांच्या रजेवरून मोठ्या सिस्टर परत आल्या, तेव्हा मुलाने ती वही त्यांच्यासमोर ठेवली. त्या रागावतील असं त्याला वाटलं होतं. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि पहिल्या पानापासून वाचू लागल्या.

"हात बांधायला नको होते," त्या म्हणाल्या. "निदान तुम्हाला वर बोलवायला हवं होतं. आणि हा डाग तुम्ही टिपलात, ते फार बरं केलंत. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर तिथे जखम होते, आणि म्हाताऱ्या माणसाची ती जखम लवकर भरत नाही. कूस बदलायची जबाबदारी आमची होती."

मग त्यांनी वहीची उरलेली कोरी पानं उलटून पाहिली. "दादा, यात आमच्याबद्दल सगळं आहे. अप्पांबद्दल काहीच नाही. त्यांना ऐकू येतं का?"

"मशीन लावल्यावर येतं."

"मशीन कुठे आहे?"

मुलगा गप्प झाला.

"चष्मा? दात?"

"घरी. कपाटात."

सिस्टर हळू आवाजात सांगू लागल्या. म्हातारपणी मोठं ऑपरेशन झालं की काही जणांचं मन असं भरकटतं. डॉक्टर त्याला डिलिरियम म्हणतात. ते वेड नव्हे. ते येतं-जातं आणि रात्री वाढतं. दुखणं, मोडलेली झोप, लघवीतला जंतुसंसर्ग, रक्तातले क्षार कमी होणं, पोट साफ नसणं, यातलं काहीही त्याला पुरतं. त्यातून ज्याला ऐकू येत नाही, दिसत नाही, त्याच्याजवळ तोंड झाकलेली माणसं सुई घेऊन येतात. असा माणूस आपल्या ओळखीच्या जागी पळून जातो. अप्पा गिरणीत गेले होते.

त्यांनी डॉक्टरांना पुन्हा बोलावून घेतलं. रक्त आणि लघवी तपासायला गेली. लघवीची नळी काढायची राहून गेली होती, ती त्याच दिवशी काढली. मुलगा घरी धावला. संध्याकाळी त्याने स्वतःच्या हाताने मशीन अप्पांच्या कानात बसवलं आणि चष्मा डोळ्यांवर चढवला. वहीचं एक कोरं पान फाडून त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'अप्पा म्हणून हाक मारावी. समोर उभं राहून बोलावं. भात मऊ लागतो. रात्री दिवा लागतो.' आणि ते खाटेच्या डोक्याशी चिकटवलं. त्याला रात्री वॉर्डात बसायची परवानगीही मिळाली.

आणखी दोन रात्री बडबड झाली. मग ती ओसरली. एका सकाळी अप्पांनी मऊ भात मागून घेतला, दोघांच्या आधाराने खुर्चीत बसले आणि विचारलं, "गिरणी कोण बघतंय?"

वहीतली एकही ओळ खोटी नव्हती. ती लिहिली नसती तर त्या डागाची जखम झाली असती. पण मुलाची सगळी काळजी पहारा देण्यात गेली होती. दवाखान्यात माणूस केसपेपरवर उतरतो तेवढाच पोचतो. बाकीचा माणूस घरच्यांना पोचवावा लागतो, आणि तो कुणी तरी विचारूनही घ्यायला हवा.

घरी जाताना मुलाने ती वही रुग्णालयाच्या प्रमुखांकडे दिली, तक्रारींसकट. विचारल्याशिवाय हात बांधायचे नाहीत, असं त्यांनी वॉर्डात सांगितलं. मोठ्या सिस्टरनी भरतीच्या कागदावर चार ओळी वाढवल्या : ऐकू येतं का, दिसतं का, दात स्वतःचे आहेत का, हाक काय मारायची.