वहीत न येणारी सेवा

आपण कुणाची सेवा कशावरून मोजतो? त्याने काय दिले यावरूनच ना?

या प्रश्नाकडे नव्याने पाहायला एक पक्षी मदत करतो. ग्रीन जे हा कावळ्याच्या कुळातला. पाठ हिरवी, डोके निळे, गळा काळा, शेपटीच्या कडा पिवळ्या. दक्षिण टेक्सासपासून मेक्सिको, होंडुरासपर्यंत आणि पुढे दक्षिण अमेरिकेत अँडीजच्या जंगलांत तो कुटुंबाने राहतो.

कोलंबियात या पक्ष्यांची मोठी झालेली पिल्ले आईवडिलांजवळ राहून धाकट्या भावंडांना चारा भरवतात. टेक्सासमध्ये वर्षभराची पिल्ले थव्यात राहतात, पण भरवत नाहीत. नुसत्या चाऱ्याच्या खेपा मोजल्या, तर त्यांच्या नावापुढे शून्यच येईल. मात्र परके पक्षी हद्दीत शिरले की त्यांना पिटाळायला ती पुढे असतात. पुढे नवी पिल्ले घरट्याबाहेर पडली की बापच या थोरल्यांना थव्यातून हाकलतो.

पक्ष्याला निष्काम म्हणणे बरोबर नाही. तो स्वभावाने वागतो, थव्यात राहण्यात त्याचाही फायदा असतो. पण ते शून्य त्याचे नाही, आपल्या मोजणीचे आहे.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. जे वहीत नाही, ते घडलेच नाही, अशी सवय लागलेली. गेल्या वर्षी आजोबा अंथरुणाला खिळले होते. मी रात्री लेखांची भाषांतरे करायचो, त्याचे कौतुक व्हायचे. ताई आजोबांच्या उशाशी बसायची. एकदा मी तिला म्हणालो, "तू तर नुसती बसूनच असतेस." ती काही बोलली नाही.

तिच्या परीक्षेच्या आदल्या रात्री मी बसलो. आजोबा तीनदा जागे झाले. पाणी नको, औषध नको. प्रत्येक वेळी एवढेच विचारले, "कोण आहे?" "मी आहे," म्हटले की झोपी जात. त्या रात्री माझ्या हातून मोजण्यासारखे एकही काम झाले नाही. सकाळी मी ताईची क्षमा मागितली.

देणाऱ्याचे मोल कमी नाही. पण कुणीतरी नुसते असते, म्हणून घर निश्चिंत झोपते. आपल्या घरात अशी शून्याची नोंद कुणाच्या नावापुढे आहे? आज रात्री तासभर त्यांच्या जागी बसून पाहूया.