जो आधी पोहोचेल त्याची गाडी

कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात टोरंटोतून जाणारा 401 हा उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत गजबजलेल्या महामार्गांपैकी एक. तिथे दोन गाड्या आदळल्या की अनेकदा पोलिसांच्या आधी टो-ट्रक हजर होत, तेही एक नव्हे, तीन-चार. पोलिसांचे वायरलेसवरचे बोलणे ऐकत हे चालक दबा धरून असायचे. त्यांना तिथे ‘चेसर’ म्हणतात. गाडीचा मालक भेदरलेला, आणि समोर धरलेला कागद: सही करा, बाकीचं आम्ही बघतो.

सगळा धंदा त्या सहीत आहे. गाडी ओढून न्यायचे पैसे म्हणजे चिल्लर. खरी कमाई पुढची: यार्डात उभ्या गाडीचे रोजचे भाडे, गॅरेजवाल्याने दिलेली दलाली, भाड्याची गाडी, मान दुखते म्हणून फिजिओथेरपीचे क्लिनिक, शेवटी भरपाईच्या दाव्यासाठी वकील. यातली बहुतेक बिले विमा कंपनीकडे जातात. सही करणारा खिशातून काही देत नाही आणि पैसे देणारा तिथे हजर नसतो. मग घासाघीस करणार कोण? भावावरून चढाओढ होत नाही म्हटल्यावर उरते ती आधी पोहोचण्याची. आधी पोहोचायचे तर दुसऱ्याला येऊ द्यायचे नाही, म्हणजे हद्द आखायची. हद्द राखायला माणसे लागतात, आणि ती कसली असतात हे सांगायला नको. गुंड बाहेरून येऊन या धंद्यात घुसले, असे म्हणायला सोपे. मला वाटते, धंद्याच्या घडणीनेच त्यांना आवतण दिले.

मे 2020 मध्ये टोरंटोलगतच्या यॉर्क विभागाच्या पोलिसांनी ‘प्रोजेक्ट प्लॅटिनम’ची माहिती जाहीर केली, तेव्हा सुमारे 20 जणांवर जवळजवळ 200 आरोप होते. खून, जाळलेले टो-ट्रक, मुद्दाम घडवलेले अपघात, सगळे त्यात होते. विमा कंपन्यांच्या वतीने खोट्या बिलांविरुद्ध लढणाऱ्या एका वकिली कार्यालयालाही लक्ष्य केले गेले. पुढच्या वर्षी प्रांतिक पोलिसांतल्याच काही अधिकाऱ्यांवर टोइंगवाल्यांना झुकते माप दिल्याचे आरोप ठेवले गेले. आरोप म्हणजे निकाल नव्हे, हे खरे. पण अपघाताची खबर हाच जिथे माल, तिथे खबर ज्याच्या हाती त्याला गिऱ्हाईक भेटणारच.

ओंटारियो सरकारने मग 2021 मध्ये स्वतंत्र कायदा केला. 2024 पासून टोइंग कंपन्या, यार्ड आणि चालक यांना प्रमाणपत्र सक्तीचे झाले. गुन्ह्यांची पूर्वपीठिका तपासायची, दर आधी जाहीर करायचे, बिलात प्रत्येक बाब वेगळी दाखवायची. चांगलेच आहे. पण महामार्गावर अपघातस्थळाच्या 200 मीटरच्या आत गिऱ्हाईक गाठायला बंदी करणारा नियम त्याआधीही पुस्तकात होताच! आणि प्रमाणपत्रे सुरू झाल्यावर, जून 2025 मध्ये, टोरंटोलगतच्याच पील विभागाच्या पोलिसांनी खंडणी आणि बनावट अपघातांच्या प्रकरणात 18 जणांना पकडले, तेवढेच टो-ट्रक जप्त केले. प्रमाणपत्र माणसाचा भूतकाळ तपासते. बक्षीस मात्र रस्त्यावर तसेच पडून राहते, आणि ते उचलायला कोरी पाटी असलेला माणूस पुढे करणे टोळीला अवघड नाही.

या सगळ्याचा भुर्दंड टोरंटोशेजारच्या ब्रॅम्प्टन-मिसिसागातल्या मराठी घरांतही हप्त्याच्या रूपाने पोहोचतो. ओंटारियोत वाहनविम्याचे सर्वांत चढे दर ज्या भागांत आहेत, त्यांत ब्रॅम्प्टन येते.

मेलबर्नने वेगळी वाट धरली. तिथे अपघात झाला की एका ठरलेल्या केंद्राला फोन जातो आणि ते पाळीनुसार एका परवानाधारकाला काम देते. बाकीच्यांनी तिथे धाव घेऊन उपयोग नाही. दर सरकार ठरवते. शर्यतच नसल्यावर वायरलेस ऐकून करायचे काय, आणि हद्द राखायची तरी कशासाठी? आपल्याकडे राष्ट्रीय महामार्गावर 1033 फिरवला की क्रेन येते, त्यामागेही कच्च्या स्वरूपात हाच विचार आहे. ती किती वेळात येते, हा निराळा विषय.

ओंटारियोनेही डिसेंबर 2021 पासून टोरंटोभोवतीच्या महामार्गांच्या काही पट्ट्यांवर ठराविक कंपन्यांनाच टोइंगची मुभा दिली. दिशा बरोबर, पद्धत अर्धी. संपूर्ण पट्टा एका कंत्राटदाराच्या हाती दिला की रस्त्यावरची मारामारी थांबेल, पण टोळीची नजर निविदेकडे वळेल. कंत्राट मोठे, तर त्यावर डोळा ठेवणाराही मोठा. पाळीत प्रत्येकाच्या वाट्याला थोडे येते. त्यासाठी कोणी कोणाचा ट्रक जाळत बसणार नाही. छोटे टोइंगवाले तक्रार करतील की धडाडीने काम करणाऱ्याला याचा काय फायदा. तक्रार रास्त आहे, पण अपघातस्थळी धडाडी दाखवणाऱ्याचे मोल मालकाने नव्हे, विमा कंपनीने मोजलेले असते. आणि पाळी लावून भागणार नाही, यार्डाचे मीटरही थांबवायला हवे: विमा कंपनीला कळवल्यावर ठराविक दिवसांपुढचे भाडे मिळणारच नाही, असे झाले तर गाडी दडवून ठेवण्यात कोणाचा काही फायदा उरत नाही.