थोडी माया ठेवून

जुना ब्लाऊज सैल करून घ्यायचा होता, म्हणून ठाण्यातल्या कासारवडवली गावात शिवणाच्या गाळ्यात गेले. बाहेर घोडबंदर रोडवर मेट्रोच्या खांबांखाली गाड्या खोळंबल्या होत्या. आत एका मशीनवर चाळिशीची बाई मान खाली घालून बसली होती. सकाळी समोरच्या टॉवरमध्ये चार घरच्या पोळ्या करायच्या आणि दुपारी दोन तास इथे शिवण शिकायचं, असा तिचा दिवस. पहिला आठवडा सुईत दोरा न ओवताच गेला होता. वहीच्या आखीव कागदावर, रेघ न सोडता नुसती सुई चालवायची. त्या दिवशी तिनं पहिल्यांदा बाही जोडली आणि डावी बाही उजवीकडे लागली.

“मावशी, माझं डोकंच नाही यात. राहू दे.”

शिकवणाऱ्या मावशींनी ब्लाऊज उलटा करून पाहिला. “शिवण चुकलीय गं, कापड चांगलं आहे. उसव.” मग ब्लेडच्या टोकानं एका बाजूचे तीन-चार टाके सोडून एकेक टाका कापला आणि दुसऱ्या बाजूचा दोरा हळूच ओढला. अख्खा दोरा सरसर बाहेर आला. कापडाला ओरखडाही नाही. “घाई केलीस तर फाटेल. हात बसला नाही अजून, एवढंच.”

हात बसणं. सुतार, गवंडी, तबलजी, भाकरी थापणारी आई, सगळ्यांच्या तोंडी असलेला हा शब्द. त्यात कुणी हुशार नाही की मठ्ठ नाही. हात आज बसला नसेल, तर उद्या बसेल. “डोकं नाही” म्हटलं की मात्र दार बंद होतं. डोकं काही कुणाला बदलून मिळत नाही.

मानसशास्त्रज्ञ क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास इथे आठवतो. पाचवीच्या मुलांनी काही कोडी सोडवल्यावर काहींना “तू हुशार आहेस” अशी शाबासकी दिली, तर काहींना “तू खूप मेहनत घेतलीस” अशी. पुढे अवघड कोडी आली आणि सगळीच मुलं अडली. हुशार म्हटलेली मुलं लवकर कंटाळली, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी आपले गुण वाढवून सांगितले. मेहनतीचं कौतुक झालेली मुलं कोड्यांशी झटत राहिली. हुशारीचा शिक्का बसला की चूक लपवावीशी वाटते. आमच्या या रस्त्यावर क्लासच्या पाट्यांना तोटा नाही. तिथून घरी आलेल्या मुलाला आपण पहिला प्रश्न कोणता विचारतो? “किती पडले?” त्याऐवजी “कुठे अडलास?” असं विचारणारं घर मिळालं, तर त्या मुलाला काही लपवावं लागणार नाही.

पण मनाचा निर्धार केला की सगळं जमतं, असं म्हणणं अर्धं खरं आहे. आपल्याच ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. आपल्यालाही पोथी वाचता यावी, ही म्हाताऱ्या बायकांची इच्छा जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ऐकली आणि मनावर घेतली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर आणि पाटी घेऊन वर्गात बसू लागल्या. शिकवायला गावातलीच सून, आणि तिच्या विद्यार्थिनींमध्ये तिची स्वतःची सासूही. सुरुवातीला लाज वाटत होती, पण बरोबरीच्या सगळ्या जाताहेत म्हटल्यावर भीड चेपली, असं त्या आज्यांनीच सांगितलं आहे. अंगठा उठवणारी बोटं सही करू लागली.

मला या शाळेतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती तिची वेळ. वर्ग दुपारी दोन ते चार. घरची, शेतातली कामं आवरल्यावरची वेळ. आज्यांची जिद्द मोठी होतीच. पण शाळेनंही त्यांच्या दिवसाकडे पाहून आपलं वेळापत्रक बेतलं. हातात पाटी दिली, चुकलेलं अक्षर पुसता येईल अशी. आणि एकीचं अक्षर वाकडं आलं तर शेजारणीचंही वाकडंच होतं. सोबतीचं हे बळ संशोधनातही दिसतं. अमेरिकेत बारा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर झालेला एक अभ्यास २०१९ साली ‘नेचर’मध्ये आला. बुद्धी वाढू शकते, ही शिकवण मिळाल्यावर मागे पडलेल्या मुलांचे गुण थोडे सुधारले, विशेषतः जिथे सोबतीही अवघड कामाला भिडत होते तिथे. फांगण्याच्या आज्यांनी हेच आपल्या परीनं दाखवून दिलं होतं.

म्हणून शिकणाऱ्याला “चिकाटी ठेव” असा उपदेश करण्याआधी आपण आपल्याकडे पाहावं. आपल्याकडे स्वयंपाकाला येणारी बाई दुपारी शिकायला जाते, तेव्हा तिचे ते दोन तास आपण जपतो का? मोबाइलवरून पैसे पाठवताना वडिलांचं बोट थरथरलं, तर फोन त्यांच्या हातातून काढून घेतो, की शेजारी थांबून राहतो? फोन काढून घेतला की काम होतं, पण त्यांचा हात कधीच बसत नाही. दुसऱ्याला सावकाश चुकू देणं ही मोठी सेवा आहे, आणि तिला फक्त आपला थोडा वेळ लागतो.

गाळ्यातली ती बाई उसवत होती. आता घाई नव्हती. दोरा ओढून झाल्यावर तिनं बाहीवर हात फिरवला, सुरकुती काढली आणि दोन्ही बाह्या समोर ठेवून पुढचा मुंढा कुठला ते नीट पाहिलं.

मावशींनी माझा ब्लाऊज उलटा केला, बगलेतली शिवण चाचपली आणि म्हणाल्या, “माया ठेवलीय ताई, सैल होईल.”

शिवणात आत राखलेल्या त्या जास्तीच्या कापडाला आपली भाषा माया म्हणते. ती असेल तर शिवण उसवता येते आणि नव्यानं घालता येते. नवं काही शिकायला बसलेल्या प्रत्येकासाठी, आणि स्वतःसाठीही, तेवढी माया राखून ठेवू या.