वाट वेगळी, मन एक

शास्त्रभाग : उत्पत्ती 13:5-12



जोयडा तालुक्यात घर सोडण्याचा प्रश्न नवा नाही. काळी नदीवर धरण झाले, जुने सुपा गाव पाण्याखाली गेले व पुष्कळ कुटुंबे रामनगरास वसली. आता व्याघ्र प्रकल्पाच्या रानातून स्वखुशीने बाहेर पडणाऱ्या कुटुंबाची भरपाई 2021 साली 10 लाखांवरून 15 लाख रुपये झाली. मुलगा म्हणतो, शाळा-दवाखाना जवळ हवा. बाप म्हणतो, वडिलोपार्जित माती सोडवत नाही. दोघांचेही खरे आहे. म्हणूनच भांडण मिटत नाही.

अब्राम व लोट यांच्या गुराख्यांतही असेच भांडण झाले. अब्राम वडीलधारा, वचन त्याला मिळालेले. तरी निवड त्याने पुतण्याला दिली. लोटाने हिरवा प्रदेश घेतला. पुढे शत्रूंनी लोटाला धरून नेले, तेव्हा अब्रामच त्याला सोडवावयास धावला.

आपण मात्र घरात आधी हक्क मोजतो. वडिलांनी अगोदर ऐकावे; धाकट्यांनी मिळालेली मोकळीक केवळ आपल्या सोयीसाठी वापरू नये. जागा सुटली तरी नाते सुटू नये. प्रभू आपणांस अब्रामाचे मन देवो. आमेन.