पाय निजले तरी वाट सुरू



सद्भक्तहो, सौंसर-पांढुर्ण्याहून आपण पायी जामसावळीला जातो, तिथे मारुतीराय निजलेले आहेत.

एमआरआय यंत्रातही माणसाला न हलता निजावं लागतं. म्हणून संशोधक म्हणतात, "मनात चाला." तेवढ्यानंही मेंदूतले चालण्याशी निगडित काही भाग जागे झालेले चित्रात दिसतात!

आपले एक काका लकव्यानं अंथरुणाला खिळले. "माझी वारी संपली," म्हणून रडले. आपण साधं भेटायलाही गेलो नाही, ही आपली चूक. या शनिवारी आधी त्यांच्या उशाशी बसू, वाटेतलं एकेक वळण सांगू. ते मनानं चालतील. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम चालूच ठेवायचा. पण त्यांना मागे टाकून केलेली आपली वारी अर्धीच.

जय गुरुदेव 🙏