नाजूक काम सकाळी काढ



तू पिंपळनेरच्या दुकानात कॉम्प्युटर दुरुस्ती शिकायला लागलास हे ऐकून फार बरं वाटलं. तुझा हात हलका आहे, मन सरळ आहे, त्यामुळे तुझी काळजी अशी नाहीच. आहे ती एवढीच, की गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की तू घाई करतोस आणि अंगावरच्या विजेचा तुला विसर पडतो.

थंडीत अंधारात स्वेटर काढताना चटचट ठिणग्या उडतात ना, ती स्थिर वीज. आपल्याला चटका जाणवायला साधारण ३००० व्होल्ट लागतात, पण काही चिपांना १०० व्होल्टही सोसत नाहीत. तुला काही कळायच्या आत त्या जातात. कधी तर लगेच जातही नाहीत, किडलेल्या दाण्यासारख्या वरून धडधाकट दिसतात आणि महिन्या-दोन महिन्यांनी गिऱ्हाईक मशीन घेऊन परत येतं.

लवकर ऊठ म्हणतो ते याचसाठी. चैत्र-वैशाखात आपल्याकडची दुपार कोरडी ठाक असते, अंगावर साठलेली वीज निचरत नाही. पहाटे-सकाळी हवेत जरा ओल असते, तेव्हाच रॅम, मदरबोर्ड बाहेर काढ. अंगात सुती सदरा असू दे, टेरिलिन नको. आधी पिन काढ, पॉवरचं बटण दाबून ठेव, मग कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लाव, आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उठलास की दरवेळी पुन्हा लाव. रॅम कडेनं धर, सोनेरी पट्टीला बोट नको.

पार्ट ज्यात येतात त्या चंदेरी पिशव्या फेकू नकोस, घडी न घालता जपून ठेव. भोक पडलेली मात्र कामाची नाही. गुलाबी पिशवी स्वतः वीज धरत नाही, पण बाहेरची अडवतही नाही, तेव्हा तिच्यावर विसंबू नको. आणि काटकसर म्हणून मनगटाला आर्थिंगच्या पट्ट्याऐवजी साधी वायर कधीही गुंडाळू नकोस रे बाळा! खऱ्या पट्ट्यात १ मेगाओहमचा रेझिस्टर असतो. चुकून हात चालू लाइनीला लागला तर तोच जीव वाचवतो.

पट्ट्यातली वीज शेवटी आर्थिंगमध्येच जाते, तेव्हा दुकानाच्या आर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा आहे का, ते मालकांना विचार, आणि उन्हाळाभर त्यात पाणी घालत जा. पट्टा नसेल तर कळव, धुळ्याहून येणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाठवतो.

तुझे नाना